इंजिनाचा एनपीएस रोज बदलतो: आधी नोड जुळवा, मग घड्याळ पाहा, मग लॅपटॉप

"भाऊ, काल रात्री नऊ लाख देत होतं, आज दुपारी पाच लाखावर आलं. कोडले तं हातबी नाई लावला. काहून असं करून रायलं?"

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, तक्रार हीच असते. बुद्धिबळाचं इंजिन स्वतः लिहिलेलं, बहुतेक वेळा सी प्लस प्लसमध्ये. लॅपटॉप नागपूरहून आणलेला सेकंडहँड. आणि एनपीएस, म्हणजे इंजिन एका सेकंदात किती नोड (शोधात समोर येणाऱ्या पटावरच्या स्थिती) तपासतं तो आकडा, रोज वेगळा. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांमध्ये पट मांडून बसणारे वाढलेत. त्यातली इंजिनिअरिंगला गेलेली काही जण आता खेळण्यापेक्षा खेळणारा प्रोग्राम लिहिण्यात जास्त रमतात. पण हा आकडा त्यांना फार छळतो, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

एनपीएस हा भागाकार आहे. वर नोड, खाली वेळ. उत्तर बदललं तर वरचा आकडा बदलला की खालचा, हे आधी पाहायचं. बहुतेक जण उत्तराकडे पाहूनच कोड उपसायला लागतात आणि दोन दिवसांनी चांगला चाललेला भागही मोडून ठेवतात.

नोड जुळतात का?

पटावरची एक स्थिती घ्या, एक थ्रेड (शोध चालवणारा एकच धागा) ठेवा, हॅश (आधी तपासलेल्या स्थितींची उत्तरं साठवणारा तक्ता) रिकामी करा आणि ठरावीक डेप्थ (किती चाली पुढे पाहायचं ते) द्या, समजा 'गो डेप्थ १२'. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा आणि तीच आज्ञा द्या. एकूण नोडचा आकडा दोन्ही वेळा शेवटच्या अंकापर्यंत तोच यायला हवा. 'जवळपास तोच' चालणार नाही. एका थ्रेडवरचा शोध म्हणजे निव्वळ हिशोब. पंखा बंद असो, लाइट गेलेली असो, बाहेर ४६ अंश असो, हिशोबाचं उत्तर तेच येतं, फक्त उशिरा येतं.

नोड जुळले नाहीत तर वेगाचा विषय तिथेच थांबवा, कारण तुम्ही दोन वेगळी कामं मोजताय. याचं नेहमीचं कारण म्हणजे आधीच्या शोधाची हॅश तशीच भरलेली असते. दुसऱ्या वेळी इंजिनाला अर्धी उत्तरं आयती मिळतात, नोड कमी लागतात, वेळ कमी लागतो आणि एनपीएस मात्र भलताच काहीतरी येतो. युसीआयची, म्हणजे इंजिनाला आज्ञा द्यायच्या ठरलेल्या भाषेची, 'युसीआय न्यू गेम' ही नव्या डावाची आज्ञा आली की हॅशबरोबर किलर चाली आणि हिस्टरीचे तक्तेही (आधीच्या शोधात उपयोगी पडलेल्या चालींच्या नोंदी) पुसले जातात का, ते बघा. हिस्टरी पुसायची राहून जाते, हे फार पाहिलंय. दुसरं कारण म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेला एखादा व्हेरिएबल. तो सापडला तर आनंदच माना, कारण तो डावातही कधीतरी घात करणारच होता. तिसरं कारण साधं आहे: चाचणीच 'गो मूव्हटाइम' वर घेतलेली असते. वेळ बांधून दिली की नोड बदलणारच. मोजणी करायची असेल तर डेप्थ बांधा, नाहीतर 'गो नोड्स' ने नोडच बांधून द्या.

स्टॉकफिश या नामांकित बुद्धिबळ इंजिनवाल्यांची रीत उचलण्यासारखी आहे. त्यात 'बेंच' नावाची आज्ञा असते. ती ठरलेल्या स्थितींचा संच एका थ्रेडवर, १६ एमबी हॅश घेऊन, डेप्थ १३ पर्यंत शोधते आणि शेवटी एकूण वेळ, एकूण नोड आणि एनपीएस छापते. त्यातला एकूण नोडचा आकडा कोडमधल्या बदलासोबत सही म्हणून नोंदवतात. बदल फक्त वेगासाठी असेल तर सही बदलता कामा नये. बदलली, तर तुम्ही वेगासोबत इंजिनाचं वागणंही बदललंय. आपल्या इंजिनात असली आज्ञा लिहायला एक संध्याकाळ पुरते. वीस-पंचवीस स्थिती घ्या, पण सगळ्या सुरुवातीच्या नकोत. राजा आणि प्याद्यांच्या अंत्यडावात चाली थोड्या, मूल्यमापन हलकं, त्यामुळे एनपीएस चढा दिसतो. वजीर, हत्ती, उंट सगळे मोकळे सुटलेल्या मध्यडावात तोच उतरतो. एका स्थितीवरून इंजिनाचा वेग सांगू नये.

चाली तयार करणाऱ्या भागाची वेगळी तपासणी 'परफ्ट' ने होते: ठरावीक डेप्थपर्यंत नियमात बसणारे चालींचे क्रम एकूण किती, ते मोजायचं. सुरुवातीच्या मांडणीपासून डेप्थ १ ला २०, २ ला ४००, ३ ला ८,९०२, ४ ला १,९७,२८१, ५ ला ४८,६५,६०९ आणि ६ ला ११,९०,६०,३२४ ही उत्तरं ठरलेली आहेत. कॅसलिंग, आँ पासाँ आणि प्याद्याची बढती यांतल्या चुका सुरुवातीच्या मांडणीत लवकर दिसत नाहीत. त्यासाठी 'किवीपीट' ही प्रसिद्ध स्थिती चालवा. तिथे ४८, २,०३९, ९७,८६२, ४०,८५,६०३ असं यायला हवं. यातला एकही आकडा चुकत असेल तर वेगाचं बोलूच नका. चाली गाळणारं इंजिन वेगवान दिसणारच.

परफ्टचा वेग मित्राच्या इंजिनाशी ताडून पाहताना एक विचारून घ्या. शेवटच्या पातळीच्या चाली तो पटावर प्रत्यक्ष खेळून मोजतो की यादी किती लांब आहे एवढंच मोजतो? यादी मोजणाऱ्याचा आकडा कितीतरी पट मोठा येतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त एकमेकींसमोर ठेवता येत नाहीत.

शोधातल्या नोडचंही तसंच. कोणी चाल खेळली की मोजतं, कोणी सर्च फंक्शनमध्ये शिरलं की मोजतं, कोणी मारामारीच्या पुढच्या शोधातले, म्हणजे क्वायसन्समधले नोड धरतं, कोणी धरत नाही. क्वायसन्सचे नोड बऱ्याच इंजिनांत एकूण नोडमध्ये मोठा वाटा घेतात, त्यामुळे मोजण्याची जागा बदलली की आकडा सहज फुगतो. ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, पण सूत काही जास्त निघत नाही. तसा हा एनपीएस. मोजायची जागा एक ठरवा, तिथे कॉमेंट लिहा आणि पुन्हा हलवू नका.

नोड जुळले, तरी आकडा विचित्र: घड्याळ आणि गुणाकार

सगळ्यात मजेशीर तक्रार: "एनपीएस उणे येऊन रायला." घाबरू नका. कोडमध्ये बहुधा नोड गुणिले १००० भागिले मिलिसेकंद असं लिहिलेलं असतं आणि नोडचा व्हेरिएबल ३२ बिटांचा असतो. चिन्हासह ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ च्या वर मावत नाही. म्हणजे हजाराने गुणल्यावर २१,४७,४८३ नोडपर्यंतच गाडी रुळावर असते. ३० लाख नोड झाले की गुणाकार बहुधा उणे होऊन बसतो.

उणे आलं तर निदान कळतं तरी. खरा त्रास पुढे आहे. परफ्ट ५ घ्या, ४८,६५,६०९ नोड, आणि समजा बरोबर एक सेकंद लागला. हजाराने गुणल्यावर ४,८६,५६,०९,००० होतात. ३२ बिटांचं पूर्ण चक्र ४,२९,४९,६७,२९६ चं. ते वजा जाऊन उरतात ५७,०६,४१,७०४ आणि पडद्यावर दिसतो ५,७०,६४१. हा आकडा इतका साजरा दिसतो की कुणाला संशय येत नाही. पोरगं आठवडाभर चालींच्या कोडमध्ये डोकं घालून बसतं आणि कोड मुळात साधारण साडेआठपट वेगाने पळत असतो. इलाज एका ओळीचा आहे: नोड आणि गुणाकार दोन्ही ६४ बिटांत ठेवा. 'लाँग' लिहून निश्चिंत होऊ नका. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, विंडोजवर ३२ च. 'घरी चुकीचं, कॉलेजात बरोबर' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. पायथॉनवाल्यांना ही भानगड नाही, तिथे पूर्णांक हवा तेवढा वाढतो. त्यांचा वेग मुळातच कमी, तो वेगळा विषय.

आता घड्याळ. जुन्या उदाहरणांतून 'क्लॉक' हे फंक्शन उचललेलं असतं. लिनक्सवर ते भिंतीवरची वेळ देत नाही. प्रोग्रामने प्रोसेसर किती वेळ वापरला ते देतं, आणि सगळ्या थ्रेडची बेरीज करून देतं. चार थ्रेड एक सेकंद राबले तर ते चार सेकंद सांगणार. थ्रेड वाढवले, नोड वाढले आणि एनपीएस जागचा हलला नाही, असं असेल तर आधी इथे बघा. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत मात्र हेच फंक्शन भिंतीवरची वेळ देतं. कोड तोच, अर्थ दोन.

'सिस्टिम क्लॉक' ही नको. ते कॅलेंडरचं घड्याळ आहे, मागेपुढे सरकवता येतं. आपल्याकडे जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. लाइट जाऊन आली की मशीन कुठल्यातरी जुन्याच तारखेवर जागं होतं, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं की वेळ एकदम आजची होते. ती उडी तुमच्या चाचणीच्या मधोमध पडली तर शोधाला काही वर्षं लागली असं दिसेल. 'स्टेडी क्लॉक' वापरा, ते फक्त पुढे जातं. सेलही बदलून टाका, स्वस्त असतो.

चाचणी फार छोटी नको. विंडोजवरची काही जुनी वेळेची फंक्शनं १० ते १६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकतात. शोध २० मिलिसेकंदांत संपत असेल तर त्यावरून काढलेला एनपीएस म्हणजे अंदाजपंचे. शून्य मिलिसेकंद आले तर भागिले शून्य होऊन प्रोग्रामच पडतो. म्हणून बरीच इंजिनं भागताना वेळेत एक मिळवतात. पूर्ण बेंच निदान दहा-पंधरा सेकंद तरी चालेल अशी डेप्थ ठेवा.

याउलटही होतं: घड्याळ पाहण्यातच वेळ जातो. प्रत्येक नोडला 'वेळ संपली का' विचारणारं इंजिन पाहिलंय. दर १,०२४ किंवा २,०४८ नोडनंतर विचारलं तरी वेळ संपून डाव हरत नाही. प्रत्येक चालीला पडद्यावर ओळ छापत असाल तर तीही काढा, काळ्या खिडकीत मजकूर सरकवणं हे इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडतं.

आणि हो, डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठी बनवलेली प्रत. ऑप्टिमायझेशन बंद, सगळ्या 'असर्ट' (कोडमध्येच लिहिलेल्या तपासण्या) चालू, आणि तक्रार वेगाची! कंपायलरला 'ओ टू' किंवा 'ओ थ्री' हा वेगाचा पर्याय लावा, रिलीज बिल्ड करा, मग बोलू.

नोडही बरोबर, घड्याळही बरोबर: आता लॅपटॉप

वरच्या दुपारच्या पाच लाखांचं उत्तर बहुधा इथे असतं.

प्रोसेसर एकाच वेगाने चालत नाही. थंड असताना थोडा वेळ टर्बोवर जोरात पळतो, मग ठरलेल्या वीजमर्यादेत परततो. तापून मर्यादेला पोचला, बऱ्याच लॅपटॉपांत ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते, की स्वतःला वाचवायला आणखी हळू होतो. पंखा खोलीचीच हवा आत ओढतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या खोलीतली ४५ अंशांची हवा आणि डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची हवा यांत तेहतीस अंशांचा फरक आहे, आणि तेवढ्याच वीजवापराला चिपचं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. म्हणून रात्रीचा आकडा आणि दुपारचा आकडा जुळत नाही. त्यात लाइट गेली की कूलरही बंद आणि चार्जरही, म्हणजे खोली तापते आणि लॅपटॉप बॅटरीवर येऊन वीज वाचवायला लागतो, एकाच वेळी.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर बेंच चालू असताना प्रोसेसरची गिगाहर्ट्झमधली गती बघत बसा. सुरुवातीला ३ च्या वर आणि अर्ध्या मिनिटाने २ च्या खाली येत असेल तर कारण कळलंच. ती पहिल्या सेकंदापासून ०.८ वर अडकून बसली असेल तर गरमीला दोष देऊ नका, चार्जर बघा. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखला नाही की प्रोसेसर अगदी खालच्या गतीवर बांधून ठेवतात, आणि बाजारातला डुप्लिकेट चार्जर दिवा पेटवतो, बॅटरीही थोडीफार भरतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. शेतातल्या घरात राहणाऱ्यांकडे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे थोडं कमी-जास्त तो सांभाळून घेतो, पण लाइन झिरमिरत असेल तर लॅपटॉप सारखा चार्जर-बॅटरी, चार्जर-बॅटरी करत राहतो. अशा वेळी मोजणीच करू नका.

आपल्या भागाची एक खास गोष्ट. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच साठवलेला असतो आणि त्याचे बारीक तंतू पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखे बसतात. वरून फुंकर मारून ते निघत नाहीत. मागचं झाकण उघडून, पंखा काढून, ब्रशने साफ करावे लागतात. जुन्या मशीनला प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असते, तीही त्याच वेळी बदलून घ्या. यानंतर एनपीएस नुसता वाढत नाही, मुख्य म्हणजे स्थिर होतो.

बाकीचं भरभर सांगतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये सर्वाधिक कामगिरीचा पर्याय निवडा. लिनक्सवर प्रोसेसरची गती ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स' ठेवा. ब्राउझर बंद. नवीन एक्सई तयार झाली की अँटिव्हायरस ती तपासायला घेतो, म्हणून पहिली धाव सोडून द्या. हॅश रॅमच्या मानाने बेताचीच ठेवा. ४ जीबीच्या मशीनवर २ जीबी हॅश दिली की डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि इंजिन रांगतं. हॅशची जागा ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यांदा हात लागेल तेव्हाच खरी देते, म्हणून मोजायच्या आधी ती एकदा शून्याने भरून घ्या.

आता खरी युक्ती. जुनी आणि नवी आवृत्ती ताडायची असेल तर सकाळी जुनी आणि दुपारी नवी चालवू नका. आमच्याकडच्या एका पोराने असंच केलं आणि चालींच्या क्रमवारीतली चांगली सुधारणा 'हळू झालं' म्हणून काढून टाकली. एका आड एक चालवा: जुनी, नवी, जुनी, नवी, अशी बऱ्याच फेऱ्यांत. मग प्रत्येकीचा मधला आकडा घ्या. खोली तापली तर दोघींना सारखीच तापते. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल आणि एकाच आवृत्तीचे आकडे आपापसात पाच टक्के हलत असतील, तर तुम्हाला अजून काही कळलेलं नाही, फेऱ्या वाढवा.

लिनक्स असेल तर 'पर्फ स्टॅट' ने प्रोसेसरने किती इन्स्ट्रक्शन पार पाडल्या ते मोजता येतं. हा आकडा उन्हाने फारसा हलत नाही, गिगाहर्ट्झ पडला तरी नाही. मेच्या दुपारी मोजणं भागच असेल तर मी यावर जास्त विश्वास ठेवतो. मात्र मेमरीची वाट पाहण्यात गेलेला वेळ यात दिसत नाही, त्यामुळे हॅशच्या रचनेतल्या बदलासाठी हा आकडा कामाचा नाही.

थ्रेड वाढवले की

इथे वरचा 'नोड शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवेत' हा नियम सोडून द्या. लेझी एसएमपीमध्ये, म्हणजे अनेक थ्रेड एकाच शोधाला जुंपण्याच्या पद्धतीत, सगळे थ्रेड एकच हॅश वापरतात, कोण आधी पोचलं त्यावर पुढचा शोध ठरतो, म्हणून दर धावेला नोड वेगळे येणारच. ती चूक नाही. कोड बदलल्याची तपासणी म्हणूनच नेहमी एका थ्रेडवर करायची.

थ्रेड चार करूनही एनपीएस दुपटीच्या पुढे जात नसेल तर आधी प्रोसेसरमध्ये खरे कोर किती आहेत ते बघा. दोन कोर आणि चार लॉजिकल असतील तर यापेक्षा फार अपेक्षा नको. कोर चार असूनही अडत असेल तर नोडमोजणीच बघा. सगळे थ्रेड एकच सामाईक काउंटर वाढवत असतील तर तो काउंटर असलेली ६४ बाइटची कॅशलाइन (प्रोसेसर मेमरीचा जेवढा तुकडा एकदम उचलतो तो) कोराकोरांत फिरत राहते आणि सगळे तिची वाट पाहतात. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा काउंटर द्या, ते शेजारी शेजारी न ठेवता वेगवेगळ्या कॅशलाइनवर ठेवा आणि बेरीज छापतानाच करा.

एनपीएस वाढला म्हणजे इंजिन सुधारलं का?

एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या, नोडची सही तीच, आणि वेळ कमी: तेव्हा हो. बाकी वेळी नाही. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने १९९७ मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हला ३.५ विरुद्ध २.५ ने हरवलं तेव्हा ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. २०१७ मध्ये डीपमाइंडचा अल्फाझीरो हा प्रोग्राम आला; ते सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती तपासत होतं, समोरचं स्टॉकफिश सुमारे ७ कोटी, आणि जिंकलं अल्फाझीरो. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ मध्ये एनएनयूई हे न्यूरल नेटवर्कचं मूल्यमापन आलं, तेव्हा एनपीएस खाली आला आणि ताकद चांगलीच वाढली.

म्हणून छाटणी (बिनकामाच्या वाटणाऱ्या चाली न तपासता सोडणं) किंवा मूल्यमापन बदललं असेल तर एनपीएसऐवजी त्याच डेप्थला पोचायला लागलेला वेळ बघा. छाटणी आक्रमक केली असेल तर त्यावरही विसंबू नका, दोन्ही आवृत्त्यांना एकमेकींशी शेकडो झटपट डाव खेळवा. चाली तपासण्याची क्रमवारी सुधारली की नोड कमी लागतात. अल्फा-बीटा या शोधाच्या पद्धतीत उत्तम क्रम लागला तर डेप्थ जवळपास दुप्पट परवडते, आणि त्यासाठी चाली लावण्यात वेळ घालवल्याने एनपीएस पडला तरी तो सौदा फायद्याचाच.

यानंतरही अडलं तर विचारताना एवढं लिहा: बेंचचे एकूण नोड दोन्ही धावांचे, मिलिसेकंद, थ्रेड, हॅश किती, कंपायलरचे पर्याय, प्रोसेसरचं नाव, चार्जर लावला होता का, आणि दिवसाची वेळ. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात तीन आणि आठ सारखेच दिसतात. मजकूर कॉपी करून पाठवा.